येळवशीला सिद्धराम बसणार होता

मल्लय्या सर्व्हिसेस, नौबाद, बिदर. जातीचा दाखला. उत्पन्नाचा दाखला. गॅस. सिमकार्ड. पासपोर्ट. प्लॉट. बोअरची लाइन. लग्नाचा हॉल. प्रोप्रायटर सिद्धराम काशाप्पा. खाली दोन मोबाइल नंबर आणि त्याखाली लाल रंगात : रविवारी पण चालू.

आंबील आदल्या दिवशीच माठात करून ठेवतात. तोंडाला फडकं बांधायचं, झाकण घट्ट बसवायचं नाही. घट्ट बसवलं तर आतलं आंबून फुगतं आणि उडतं.

“छातीत काही नाही. ईसीजी स्वच्छ आहे. झोप कशी आहे?”
“झोप चांगली हाय डाक्टर. टाइम न्हाई एवढंच.”

रानाला खत पाहिजे असलं की मेंढक्याला बोलावतात. कळप त्या रानात बसतो, लेंड्या जमिनीत मुरतात, पीक जोरात येतं. मेंढक्याचं काम कळपाबरोबर बसायचं. रानाचा मालक त्याला ज्वारी मोजून देतो आणि पाठ वळली की म्हणतो, बसून खाणारी माणसं.

“तुमच्या घरच्यांला लय काम असतंय, नव्हं?”
“व्हय.”
“नशीबवान हाव रूपाबाई तुमी.”

नौबादच्या एका चहाच्या हॉटेलात एक मुलगी बाकावर बसली आहे. मांडीवर दप्तर. हॉटेलवाल्यानं तिच्यापुढचं टेबल पुन्हा पुन्हा पुसलं, तिला बिस्किटं दिली, कुणाची म्हणून विचारलं. तिला ‘दोन मिनिटं बस’ असं सांगितलेलं आहे. ती बसली आहे. बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले.

मुलीचं नाव तुळजा, इयत्ता चौथी. तिला तिथं बसवून गेला तो तिचा बाप, पाटीवरचा सिद्धराम. शाळेतून घरी आणताना त्याला फोन आला. तहसील कचेरीत कुणाचा तरी कागद अडकला होता. त्यानं पोरीला उतरवलं आणि गेला. कचेरीतून दुसरीकडं गेला, दुसरीकडून तिसरीकडं. त्याच्या बायकोनं, रूपानं, फोन लावला तेव्हा तो हुमनाबादला पोचला होता.

“तुळजा कुठं हाय?”

“कोन?”

असं तो म्हणाला. नंतर तो सांगत राहिला की आवाज तुटत होता.

घरी आल्यावर तो आधी हसला. हॉटेलवाला ओळखीचाच आहे म्हणाला, त्याचं रेशनकार्ड आपणच करून दिलंय म्हणाला. मग चिडला. रूपा पोरीला जेवू घालत राहिली म्हणून आणखी चिडला. मग उभ्यानं जेवला. तो उभ्यानंच जेवतो. डाव्या डोळ्याची पापणी आपोआप उडत असते, तिच्यावर तो मधूनच बोट दाबून धरतो. झोपेत दात इतके खातो की तुळजा कानावर उशी घेऊन झोपते. एकदा पेट्रोलपंपावर रांगेत उभा असताना रडला. का ते त्यालाही कळलं नाही. पुढच्या माणसाला म्हणाला, धूळ गेली. छातीत धडधडतं म्हणून दवाखान्यात गेला होता तो तेव्हाच. छातीच्या डॉक्टरांनी डोक्याच्या दुसऱ्या डॉक्टरांकडं पाठवलं, झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. गोळ्या दुकानाच्या गल्ल्यात पडून आहेत. दुसऱ्या डॉक्टरांकडं रूपानं दोनदा नंबर लावला. दोन्ही वेळा तो रस्त्यातून परत गेला.

“मला येड लागलंय म्हनायलीस?”

“न्हाई. येड लागलेल्या मानसाला टाइम असतो.”

रूपा भालकीच्या मराठी शाळेत शिकवते. रोज बसनं जाते, बसनं येते. तिची जीभ शाळेत गोड आणि घरी धारदार. हे सिद्धराम सगळ्यांना सांगतो आणि ते खरं आहे. त्या संध्याकाळी मात्र तिनं हळू आवाजात, वर्गात गृहपाठ सांगावा तसं सांगितलं.

“येळवशीला गावाकडं चला. सकाळी कोपीपाशी बसायचं. हेंडगा पेटंपर्यंत बसायचं. फोन माझ्यापाशी. तेवढं जमलं तर दुसऱ्या दिवशी आपन दोघं मिळून डॉक्टराकडं जाऊ आन मी तुमच्या घरात राहीन. जमलं न्हाई तर मी आन तुळजा ह्या घरात न्हाई.”

“एवढंच व्हय?” सिद्धराम म्हणाला. “अगं येळवशीला कुत्रंबी रानात बसतंय.”

ही २००८ सालची येळवस, तेव्हा ती आठ दिवसांवर होती.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी बिदरपासून लातूरपर्यंतची गावं रिकामी होतात. दुकानांना कुलपं, रस्त्यावर कोणी नाही. सगळी माणसं रानात. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची कोप, छोटी झोपडी, उभी करतात, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडतात, त्यांना भाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबट भात, आंबील दाखवतात आणि मग सांजेला कडब्याचा हेंडगा पेटवेपर्यंत दिवसभर बसतात. दुसरं काही करायचं नसतं. एकच नियम कडक आहे. बांधावरून जाणाऱ्याला जेवायला हाक मारायची, आणि जो कोपीपाशी आला त्याला का आलास म्हणून विचारायचं नाही. त्याला जेवू घालायचं. वैरी असला तरी.

सकाळी सिद्धरामनं अंघोळ केली, पांढरा शर्ट घातला आणि मोटरसायकलला किक
हॅलो. हां. झालं म्हनून समजा.
किक मारून रूपाला म्हणाला, बस. तुळजाला त्यानं पुढं टाकीवर
हॅलो. भाई, परसों. पक्का. अरे भाई, जबान है मेरी.
टाकीवर घेतलं. भालकीच्या पुढं रस्त्याला दोन्ही बाजूंनी ज्वारी उभी होती, करडई होती, आणि माणसं डोक्यावर पाट्या घेऊन रानाकडं
हॅलो. हेळ्री. आयतु, आयतु. नाळे माडतीनि, उद्या नक्की.
रानाकडं निघाली होती. गाडी एका हातानं चालली होती. खटकचिंचोळीच्या अलीकडं रूपानं मागून हात घालून त्याच्या खिशातले दोन्ही फोन काढले, बंद केले, आणि धपाट्यांच्या पिशवीत खाली टाकले. सिद्धराम म्हणाला, “एक शेवटचा.” रूपा म्हणाली, “शेवटचा झाला.”

काशाप्पानं, म्हणजे सिद्धरामच्या बापानं, कोप आधीच उभी केली होती. काशाप्पाची मेंढरं विकून बरीच वर्षं झाली. रान थोडं आहे. थोरली लेक म्हाळसा त्याच्याजवळ असते, लोकांच्या रानात मजुरीला जाते, आणि भावाला अजून लहानपणीच्या नावानं हाक मारते.

“आला का रे सिद्ध्या? येऊन गेलास म्हनून सांगू का बसतोयस?”

“बसतोय अक्का.”

“बस बस. बुडाखाली काय तरी घे. सवय न्हाई तुला.”

तो बसला. घोंगडीवर, कोपीला पाठ टेकून. वारा गार होता, ऊन कोवळं होतं. तुळजा हरभऱ्यात शिरली आणि घाटे खाऊ लागली. कुणी कुणाला काही मागत नव्हतं. सिद्धरामचा उजवा गुडघा हलायला लागला. त्यानं त्याच्यावर हात ठेवला तर हात हलायला लागला. त्यानं कोपीतलं कडब्याचं एक ताट उपसलं, त्याचे तुकडे केले, दुसरं उपसलं.

“कोप खायलास का?” म्हाळसा म्हणाली.

त्याचा हात खिशाकडं गेला, रिकामा परत आला. पुन्हा गेला. थोड्या वेळानं त्यानं मांडीवर हात मारला. खिसा थरथरला म्हणाला. खिशात काही नव्हतं. कपाळावर घाम होता. गार वाऱ्यात घाम. रूपा चुलीपाशी बसून बघत होती. उठली असती, पाणी दिलं असतं, पाठीवरून हात फिरवला असता तर कदाचित वेगळं झालं असतं, कदाचित नाही. ती परीक्षा घ्यायला आली होती आणि परीक्षा घेणारी माणसं पाणी देत नाहीत.

काशाप्पा वेगळ्याच कारणानं अस्वस्थ होता.

काशाप्पाचं सगळं आयुष्य बसण्यात गेलं. लोकांच्या रानात, कळपाजवळ, डोक्यावर घोंगडं घेऊन. ते बसणं म्हणजे डोळ्यात तेल घालून राखण होती. पण बघणाऱ्याला बसलेला माणूसच दिसतो. बस्या काशाप्पा म्हणायचे त्याला. मग पोरगा शिकला, बिदरला गेला, दुकान टाकलं, आणि एक दिवस असा आला की कट्ट्यावर कुणी विचारलं, सिद्धराम कधी येणार, आणि काशाप्पा म्हणाला, “त्याला टाइम न्हाई.” म्हणताना त्याची मान वर झाली. तेव्हापासून तो हे वाक्य दारी आलेल्या प्रत्येकाला द्यायचा. मागच्या वर्षी तर म्हणाला होता, “मी मेलो तरी त्याला टाइम भेटतोय का न्हाई बगा!” आणि सगळा कट्टा कौतुकानं हसला होता.

आणि आता तोच पोरगा भर दिवसा, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, बसला होता.

बांधावरून दोघं गेले. एकजण थांबला.

“काशाप्पा, सिद्धराम हाय का त्यो? रिकामाच बसलाय की. धंदा बुडाला का काय?”

काशाप्पाचं तोंड काळं पडलं. तो उठला, धोतर झटकलं, बांधावर जाऊन उभा राहिला आणि चारी दिशांना हाका मारायला लागला.

“या! जेवायला या! सिद्धराम आलाय! आमचा सिद्धराम हाय इथं! या!”

“मामा,” रूपा म्हणाली, “लांबच्यांना कामून बोलवायलाव?”

“येळवस हाय. हाक मारू नये का?”

रूपा चुलीपाशी परत गेली.

पहिला आला गुरुशांतप्पा. गावात त्याचा तेलाचा घाणा आहे, थ्री फेजची लाइन अडली आहे. तो मांडी घालून बसला, भज्जी वाढून घेतली, उंडा मोडला, आणि दोन घासांनंतर म्हणाला, “सिद्धूअण्णा, सहा महिने फोन करायलोय. आज देवानंच गाठ घातली बगा.”

“आज काम न्हाई,” रूपा म्हणाली.

“काम कशाचं वहिनी? जेवता जेवता बोलायलो.”

सिद्धराम रूपाकडं बघून म्हणाला, “मी बसूनच हाय की.”

मग शिवय्या आला, पोराच्या दाखल्यासाठी. मग निर्णा गावाहून पाहुणे म्हणून आलेलं एक कुटुंब. मग ज्यांना काहीच काम नव्हतं तेही आले, कारण गर्दी दिसली. ताटं वाढली, आंबील वाढली, माणसं गोल करून बसली आणि मधोमध सिद्धराम. गुडघा थांबला. हात थांबले. रूपानं नीट बघितलं, डाव्या डोळ्याची पापणीसुद्धा उडायची थांबली होती. तो कुणाला मराठीत, कुणाला कन्नडमध्ये, कुणाला दखनीत उत्तर देत होता आणि त्याच्या गालावर रंग आला होता. सकाळपासून आजारी दिसणारा माणूस आता बरा दिसत होता. रूपाला हेच सगळ्यात वाईट वाटलं.

“वहिनी, अजून थोडी आंबील.”

तिनं वाढली. म्हाळसा तिच्या कानाशी म्हणाली, “येड्यासारखी वाढतीस कामून? मीठ टाक मूठभर. उठतील पटापटा.”

गुरुशांतप्पानं आपला फोन पुढं केला. लाइनवर वीजखात्यातला माणूस होता. सिद्धरामनं घेतला.

“तुमी फोन घेतला,” रूपा म्हणाली.

“माझा कुठंय? माझे तुझ्यापाशी हाईत. ह्यो गुरुशांतप्पाचा.”

गोलातली माणसं हसली. गुरुशांतप्पा म्हणाला, “वहिनी मास्तरीन हाईत, अण्णा. नापास करतील.” माणसं आणखी हसली. रूपाही हसली असती, पण तिला एकदम त्या हॉटेलातला बाक दिसला.

“उठा,” ती म्हणाली. “फेरे राहिलेत. ऊन उतरायलंय. फेरे घाला.”

फेरे घरच्या माणसानं घालायचे. अंगावर घोंगडं, काखेत आंबिलीचं गाडगं, हातात तुरीची डहाळी. कोपीभोवती पाच वेळा फिरत डहाळीनं आंबील शिंपडायची आणि येळवशीची आरोळी द्यायची. मागून बाकीच्यांनी ओरडायचं. तेवढं झालं की तो मोकळा. सिद्धरामनं फोन गुरुशांतप्पाच्या हातात दिला, घोंगडं डोक्यावरून घेतलं आणि निघाला.

“ओलगे ओलगे, सालम पोलगे!”

“ओलगे ओलगे, सालम पोलगे!”

पहिला फेरा. दुसरा. तिसऱ्याला घोंगड्यातून आवाज आला, “हां, बोला.” माणसं हसली. चौथ्याला, “उद्या या. परवा या. झालं म्हनून समजा.” पाचवा झाला. म्हाळसानं गाडगं घ्यायला हात पुढं केला.

तो पुढं गेला.

सहावा. सातवा. “ओलगे ओलगे, हेळ्री, हां भाई, सालम, दोन मिनिटं, दोन मिनिटं, आलोच.” गाडगं रिकामं झालं होतं. कोरडी डहाळी कोपीवर आपटत होती. पाय भराभर पडत होते, त्याच गोलात, त्याच मापाचे. शिवय्या म्हणाला, “फोनवर बोलायलाय वाटतं.” गुरुशांतप्पानं हात वर केला. फोन त्याच्या हातात होता. हसणारी तोंडं हळूहळू मिटली.

“काम हाय,” घोंगडं म्हणालं. “काम हाय, काम हाय, काम हाय.”

तुळजा हरभऱ्यातून आली होती आणि वाटेत उभी होती. “पप्पा,” ती म्हणाली. त्यानं डहाळी तिच्या तोंडावर मारली. जोरात नाही. कोपीवर मारत होता तशीच, आणि तिला वळसा घालून पुढं गेला. दगडाला घालतात तसा वळसा.

मुलगी रडली नाही. गाल पुसून आईकडं बघत राहिली.

रूपा धावली आणि तिनं घोंगड्याचं टोक धरलं. तेवढ्यात मागून काशाप्पाचा हात तिच्या मनगटावर पडला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहरा उजळला होता.

“हात लावू नको! वारं आलंय. आपल्या मल्लय्याचं, खंडोबाचं वारं हाय.”

“मामा, वारं न्हाई. दुखणं हाय. त्यांना धरा.”

“तुला काय कळतंय? आमच्या घरात माझ्या आज्याच्या अंगात यायचं. मल्लय्या घर विसरला न्हाई!” आणि तो ओरडला, “म्हाळसा, भंडारा आन!”

म्हाळसा जागची हलली नाही. “अप्पा,” ती म्हणाली, “आज्याच्या अंगात यायचं तवा आज्या देवाचं बोलायचा. ह्यो तहसीलाचं बोलायलाय.”

“थोबाड बंद कर!”

काशाप्पानं स्वतःच कमरेची पिशवी सोडली, पिवळा भंडारा उधळला आणि पोराच्या वाटेवर डोकं टेकलं. सिद्धराम बापालाही वळसा घालून गेला. पण भंडारा पडला तसं माणसांना धीर आला. काय करायचं ते आता त्यांना माहीत होतं. शिवय्यानं हात जोडले. निर्ण्याच्या बायका वाकल्या. आणि गुरुशांतप्पा, शिकलेला, बिदर-गुलबर्गा फिरलेला, गोलाच्या कडेला उभा राहून घाबऱ्या आवाजात म्हणाला,

“देवा, आमची लाइन कधी व्हईल?”

“पुढच्या हप्त्यात,” घोंगड्यातून आलं.

“येळकोट!” काशाप्पा ओरडला.

“देवा, पोराचा दाखला?”

“सायेब रजेवर हाय. आल्या आल्या.”

“येळकोट येळकोट!”

रूपा कोपीपाशी उभी राहून हे बघत होती. एक माणूस सगळ्यांसमोर तुटत होता आणि सगळे त्याला कामं सांगत होते. तिनं एकदा ओरडून बघितलं, “तुमच्या पाया पडते, त्यांना धरा, खाली बसवा!” तिचा आवाज येळकोटात बुडाला. एक बाई तिच्याच पाया पडली. देवाची बायको म्हणून.

मग रूपानं धपाट्यांची पिशवी ओढली. हात तळापर्यंत घातला. दोन्ही फोन काढले, चालू केले, आणि कोपीत शिरून चुन्याच्या दगडांपुढं, भज्जीच्या द्रोणाशेजारी ठेवले.

थोडा वेळ काही झालं नाही. मग एक वाजला. लगेच दुसरा वाजला. देवापुढं दोन्ही फोन थरथरत, वाजत, एकमेकांकडं सरकत राहिले.

फेरा मध्येच थांबला.

घोंगडं खाली पडलं. सिद्धराम वाकला, कोपीत शिरला, फोन उचलला. केसांत भंडारा, ओठांच्या कोपऱ्यात फेस, आणि आवाज अगदी रोजचा, दुकानातला.

“हॅलो. हां, बोला साहेब. न्हाई न्हाई, बंद कुठं? जरा कार्यक्रमात होतो.”

कुणीही येळकोट म्हणालं नाही. निर्ण्याच्या बायकांनी पदर सावरले. शिवय्यानं जोडलेले हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना, त्यानं ते पाठीमागं नेले. गुरुशांतप्पानं आपला फोन बघितला, खिशात टाकला, आणि “बरं, निघतो” असं कुणाकडंही न बघता म्हणाला. येळवशीला आलेल्याला जा म्हणायचं नसतं. आपणहून जाणाऱ्याला कुणी अडवलं नाही.

काशाप्पा गुडघ्यांवर होता तसाच होता. कपाळाला माती.

“घालवलास तू त्याला,” तो सुनेला म्हणाला. “कामून लावलास फोन? घरात आलेला देव घालवलास.”

“मी तुमच्या पोराला बोलावलं मामा. मी हाक मारली तर आला न्हाई. लेकीनं मारली, आला न्हाई. तुमी डोकं टेकलं, तरी आला न्हाई. ह्याला आला. बगा, उभा हाय. घ्या तुमचा देव.”

“जीभ झडंल तुझी.”

“झडू दे. दवाखान्यात न्या त्यांना. आजच न्या. देवाचं मागून बगा.”

“माझ्या पोराला काय धाड भरलीय? फोनवर बोलतोय की चांगला!”

आणि बोलत होता. एक हात कमरेवर, एक फोन कानाशी, दुसरा खांद्यानं दाबलेला, करडईच्या कडेनं येरझाऱ्या. पापणी पुन्हा उडायला लागली होती. रूपा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तो थांबला. तिच्याकडं बघून त्यानं भुवया उंचावल्या, काय, म्हणून. त्याला झालेलं काही आठवत होतं का, हे त्याच्या चेहऱ्यावरून सांगता येत नव्हतं. त्याला विचारायला सवड मिळाली नाही.

“सांजच्याला चालत का व्हईना, ह्याला मी दवाखान्यात नेते,” म्हाळसा मागून म्हणाली. “अप्पा बोंबलू दे. पर तू थांब, रूपा. एकटीनं माझ्यानं व्हायचं न्हाई.”

“तुमी त्यांची बहीन हाव अक्का. तुमाला सोडता येत न्हाई.”

“आन तुला येतं?”

रूपानं तुळजाच्या पायांत चपला घातल्या. धपाट्यांची पिशवी म्हाळसाच्या हातात दिली.

“दोन धपाटी ठेव की लेकराला,” म्हाळसा म्हणाली.

“नको. ती खाऊन हाय.”

“लय निबार हायस गं तू.”

“व्हय.”

रूपा लेकीचा हात धरून ज्वारीतल्या पाऊलवाटेनं रस्त्याकडं निघाली. मागं कुठल्या तरी रानात पहिला हेंडगा पेटला होता, पोरं पेटता कडबा घेऊन बांधाबांधानं ओरडत पळत होती. रस्त्यावर आल्यावर तुळजानं एकदा मागं बघितलं. रूपानं बघितलं नाही. येळवशीमुळं बस कमी होत्या. एक जीप थांबली, त्यात मागं दोघींपुरती जागा होती.

भालकीत, शाळेच्या मागच्या गल्लीतली एक खोली रूपानं दिवाळीच्या आधीच भाड्यानं घेतली होती.